उणे पन्नास

"एकशे शहात्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मी विचारलं, "हे यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलंय?"

हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नसावा. माझ्या दंडावरचा पट्टा सोडता सोडता त्या थांबल्या, टेबलावरच्या यंत्राकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "चालतंय की चांगलं." चालतंय हे उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरतं. कागदाच्या या कारखान्यात मी तीस वर्षं गेजरूम सांभाळतो. वाफेच्या प्रत्येक नळावर, प्रत्येक टाकीवर दाब दाखवणारी एकेक तबकडी असते, ती गेज. दर सहा महिन्यांनी ते सगळे उतरून माझ्याकडे येतात, मी ते स्टँडवर चढवतो, खऱ्या दाबाशी ताडून पाहतो आणि बरोबर असतील तर पाठीवर तारीख टाकून हिरवी चिठ्ठी चिकटवतो. माझी चिठ्ठी नसेल तर बॉयलर पेटत नाही. आणि इथे कारखान्याच्याच दवाखान्यात, माझ्या खिडकीपासून शंभर पावलांवर, एक प्रेशर गेज वर्षानुवर्षं बिनचिठ्ठीचा बसलेला, आणि तो मला सांगणार की माझा वरचा एकशे शहात्तर आणि खालचा एकशे आठ. "तुम्हाला चक्कर, डोकेदुखी, काही होतं का?" बाईंनी विचारलं. मी म्हणालो, काहीच होत नाही. याचा मला अभिमान होता. त्या म्हणाल्या, "बहुतेकांना काहीच होत नाही. तीच तर पंचाईत आहे." मग त्यांनी माझं रक्त घेतलं, आणि बाही खाली ओढत मी बाहेर आलो तेव्हा माझा जीव कुणीतरी चुकीच्या खात्यात नोंदवल्यासारखा मला राग आला होता.

चार दिवसांनी रक्ताचा कागद आला. कोलेस्टेरॉल दोनशे एक्क्याऐंशी, त्यातलं वाईट म्हणतात ते एकशे ब्याण्णव. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, असं मी सुचवून पाहिलं. डॉक्टरीणबाई वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण चिवट. त्यांनी कागदावर दोन रेघा ओढल्या आणि मला समजावू लागल्या की ही रक्ताची नळी, हिच्यात दाब सतत जास्त राहिला की आतली भिंत खरवडते, तिथे चरबीला बसायला जागा मिळते, थर वाढतो, वाट अरुंद होते, आणि एक दिवस हृदयाला जाणारी वाट बंद. "एकटा दाब वाईट, एकटं कोलेस्टेरॉलही वाईट. दोन्ही मिळून आले की धोका नुसता दुप्पट होत नाही." ही मुलगी मला, मला, नळीतल्या दाबाबद्दल सांगत होती. मी तिच्या हातातून पेन घेतलं आणि साका नळीच्या वाकणावर आधी कसा धरतो ते काढून दाखवलं. ती म्हणाली, "अगदी बरोबर. हृदयातही फाट्यांवरच आधी धरतो." म्हणजे मी तिलाच मदत केली. मग तिनं विचारलं, घरात कुणाला हृदयाचा त्रास? वडिलांना, मी म्हणालो. कितव्या वर्षी गेले? चोपन्नाव्या. तुमचं वय? त्रेपन्न वर्षं आठ महिने. ती नुसतं लिहीत राहिली, आणि तिचं ते लिहिणं मला मुळीच आवडलं नाही.

वडील पोस्टमन होते. दिवसभर चालायचे. त्यांच्या पोटऱ्या अशा होत्या की आम्ही पोरं त्यावर बुक्के मारून हात दुखवून घ्यायचो. जिभेवर साखर, पायाला भिंगरी, आणि औषधाच्या दुकानाची पायरी कधी चढले असतील तर पार्सल द्यायलाच. एका सकाळी बाकावर बसून बूट घालत होते. एका बुटाची नाडी बांधली आणि दुसऱ्याची बांधायला वाकले ते वाकलेलेच राहिले. आई स्वयंपाकघरातून म्हणत होती, "अहो, उशीर होतोय." मी तेव्हा सतरा वर्षांचा. भेटायला आलेलं प्रत्येक माणूस एकच म्हणायचं: त्यांना तर काहीच नव्हतं. इतक्या लोकांनी इतक्या खात्रीनं म्हटलं की मलाही ते पटलं, जणू काही नसल्यामुळेच माणूस मेला. त्यांचा दाब कुणी कधी मोजला नव्हता, हे मला आता सुचतं. तेव्हा सुचलं असतं तरी काय केलं असतं म्हणा. आणि मला आता काही सुचायला नको होतं. मला हवं होतं एवढंच, की ते यंत्र चुकीचं निघावं.

घरी बायकोनं दोन्ही कागद वाचले, चष्मा काढून पुन्हा वाचले आणि त्याच दुपारी स्वयंपाकघरात सत्तांतर झालं. लोणी गेलं. तळलेले बटाटे गेले. मिठाची डबी वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे गेली, आणि तिथपर्यंत माझा हात पोचतो हे लक्षात आल्यावर कुठे गेली ते आजतागायत कळलेलं नाही. "तुमच्या एकट्यासाठी वेगळा स्वयंपाक करत बसायला मला वेळ नाही. मीही तेच खाईन," ती म्हणाली, आणि उकडलेल्या भाजीचा पहिला घास घेऊन तिनं जो चेहरा केला, तो पाहून मला तिची दया आली. तिला काय गरज? या बाईला सव्वीस वर्षांत मी कधी आजारी पाहिलेलं नाही. सर्दी झाली तरी ती मला होते आणि काढा ती करते. सकाळपाळीला शाळेचं कार्यालय सांभाळते, दुपारी येऊन घर सांभाळते, लिफ्ट बंद असली की दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चार मजले चढते आणि वर पोचून मलाच विचारते, "तुम्ही का धापा टाकताय?" डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ती रोज सकाळी तळहातावर ठेवायची, एक दाबाची, एक कोलेस्टेरॉलची. मी त्या तोंडात टाकल्यासारखं करून खिशात टाकायचो. गेजरूमच्या खणात नापास झालेल्या गेजांचा एक खोका आहे, गोळ्या त्यात जायच्या. यात लबाडी होती हे मी नाकारत नाही. पण माझ्या मते माझा निकाल अजून लागायचा होता. ज्या मापावर चिठ्ठी नाही त्या मापावरून मी स्वतःला नापास का करून घ्यावं?

मी दुकानातून स्वतःचं यंत्र आणलं. बॅटरीवर चालणारं, पट्टा आपोआप फुगणारं. जेवणाच्या टेबलाशी बसून लावलं तर एकशे चौऱ्याहत्तर. पुन्हा लावलं, एकशे अठ्ठ्याहत्तर. तिसऱ्यांदा एकशे बहात्तर. सरळ गेजरूममध्ये नेऊन खऱ्या दाबाशी ताडून पाहायचं, हा विचार मला आला नाही असं नाही. पण स्टँडच्या वर माझ्याच अक्षरात पाटी आहे: खासगी वस्तू स्टँडवर लावू नयेत. त्या पाटीच्या जोरावर मी एकदा मोठ्या साहेबांच्या गाडीच्या टायरचा गेज परत पाठवला होता, आणि त्याची हकीकत स्टोअरवाल्यानं अख्ख्या कारखान्यात सांगितली होती. आता मीच काखेत यंत्र मारून आत शिरलो तर तो ती हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगणार. म्हणून मी दुसरी रीत काढली. आमच्या धंद्यात प्रत्येक गेज स्टँडवर चढतोच असं नाही. घाई असली की एक खात्रीचा गेज घ्यायचा, त्याला आम्ही मास्टर म्हणतो, आणि त्याच्या शेजारी संशयित लावायचा. मास्टर शंभर दाखवतोय आणि हा एकशे दहा, तर याची चूक दहा. कोष्टकात 'उणे दहा' लिहायचं आणि पुढे चालायचं. मला एक खात्रीचा माणूस हवा होता, ज्याचा दाब एकशे वीस आहे याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. असा माणूस माझ्या समोर बसून शेंगा सोलत होता.

"हात दे," मी म्हणालो.

"माझा कशाला? मला काय झालंय?"

"काही झालेलं नाही, म्हणून तर."

तिनं डावा हात दिला आणि उजव्या हातानं एकेक शेंग सोलत राहिली. मी म्हणालो, शेंगा सोडून दे, पाठ टेकून बस, पाय खाली टेकव, बोलू नकोस. ती म्हणाली, एवढी निवांत मी लग्नानंतर प्रथमच बसतेय. मी म्हणालो, बोलू नकोस म्हटलं ना. पट्टा फुगला, आवाज करत उतरला. एकशे एकाहत्तर. आमच्या शिरस्त्याप्रमाणे पाच वेळा घेतलं: एकाहत्तर, एकोणसत्तर, बहात्तर, अडुसष्ट, सत्तर. सरासरी बरोब्बर एकशे सत्तर. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! यंत्र पन्नासनं जास्त दाखवत होतं. नुसतं जास्त नव्हे, एकसारखं जास्त. अशी चूक म्हणजे कारागिराला वरदान, कारण तिची दुरुस्ती एका वजाबाकीत होते. "किती आलं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "तुझं किती आलं याला महत्त्व नाही. तू फक्त मापासाठी आहेस." आणि वहीच्या पहिल्या पानावर तिचे पाच आकडे लिहून खाली लाल शाईनं दुरुस्ती लिहिली, उणे पन्नास, आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या.

त्यानंतरचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. रोज संध्याकाळी यंत्र लावायचं, आकडा घ्यायचा, पन्नास वजा करायचे. एकशे चोवीस. एकशे सव्वीस. एका रविवारी एकशे अठरा आलं तेव्हा मी शीळ घातली. वही इतकी नेटकी होती की साहेबांना दाखवावीशी वाटायची. वडिलांची आठवणसुद्धा बदलली. आधी ते मला बाकावर वाकलेले दिसायचे, आता गल्लीच्या टोकावरून येताना दिसू लागले, पिशवी खांद्यावर आणि दोन कुत्री मागे. मी जिने भराभर चढू लागलो. वर पोचल्यावर छाती थोडी भरून यायची, ती दुरुस्ती धरून. फक्त कोलेस्टेरॉलच्या कागदाचं काय करावं ते कळत नव्हतं, कारण त्यातून काय वजा करायचं याचं कोष्टक माझ्याकडे नव्हतं. तो कागद मी वहीच्या मागच्या खिशात ठेवला होता. बायको मात्र बारीक होत चालली होती आणि अळणी जेवताना गप्प असायची. एकदा म्हणाली, "तुमचे आकडे चांगले येतायत ना? मग झालं तर." मला त्या क्षणी तिला सगळं सांगून टाकावंसं वाटलं, गोळ्यांचं, पन्नासचं. पण तिनं ज्या समाधानानं माझी वही हातात घेऊन मिटली, त्यापुढे माझी हिंमत झाली नाही.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. मी वही बगलेत घेऊन ऐटीत गेलो. त्यांनी आधी मोजलं. एकशे अठ्ठ्याहत्तर. "गोळ्या घेताय ना?" त्यांनी विचारलं. मी उत्तर न देता वही उघडून पुढे सरकवली. त्यांनी पानं चाळली, लाल शाईची ओळ वाचली, पण ती त्यांना समजली नसावी, कारण त्या एवढंच म्हणाल्या, "घरी चोवीस आणि इथे अठ्ठ्याहत्तर? दवाखान्यात थोडं वाढतं काहींचं, पण एवढा फरक?" मी म्हणालो, फरक यंत्राचा आहे. तुमचंही पन्नासनं जास्त दाखवतं. हे बोललो, आणि बोलता बोलताच माझ्या अंगावर काटा आला. तीस वर्षांत माझ्या हाताखालून हजारो गेज गेले. चुकीचे शेकड्यांनी. पण दोन वेगळ्या कारखान्यांत बनलेले, दोन वेगळ्या जातींचे, दोन वेगळ्या खोल्यांत बसलेले गेज अगदी तेवढ्याच आकड्यानं, त्याच दिशेनं चुकलेले मी कधी पाहिले नाहीत. चुका स्वभावाच्या असतात, प्रत्येकाची वेगळी. दोन गेज एकच सांगू लागले की आम्ही तिसऱ्याकडे संशयानं पाहतो. हे मी शिकाऊ पोरांना इतक्यांदा सांगितलंय की माझं मलाच ऐकू आलं.

जेवणाच्या सुट्टीत गेजरूम रिकामी होती. माझं यंत्र त्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना दाखवायला म्हणून पिशवीत लपवून आणलं होतं. मी पाटीकडे पाठ केली. यंत्राचा पट्टा बिस्किटांच्या रिकाम्या डब्याभोवती गुंडाळला, नळीला फाटा काढून स्टँडवरच्या पाऱ्याच्या उभ्या नळीला जोडला आणि बटण दाबलं. यंत्र फुगवत होतं आणि पारा चढत होता. पडद्यावर शंभर, पारा शंभर. एकशे वीस, एकशे वीस. एकशे सत्तरला पारा एकशे एकोणसत्तरवर. मग डब्याला नाडी नाही म्हणून यंत्रानं चूक दाखवून काम थांबवलं. मी पुन्हा लावलं. पाच वेळा लावलं. प्रत्येक वेळी एखाद्या अंकाचा फरक, तोही कधी इकडे, कधी तिकडे. इतकं प्रामाणिक यंत्र त्या खोलीत वर्षभरात आलं नव्हतं. माझ्या हातानं सवयीनं हिरवी चिठ्ठी काढली, तारीख टाकली, यंत्राच्या पाठीवर चिकटवली आणि अंगठ्यानं दाबून बसवली. तेव्हा कुठे मला कळलं की मी कशावर सही केली.

म्हणजे माझा एकशे चौऱ्याहत्तर हा एकशे चौऱ्याहत्तरच. मी स्टुलावर बसलो. पुढची दहा मिनिटं मी स्वतःसाठी फार हळवा झालो. चोपन्नाला चार महिने, छे, आता सव्वातीन. माझा फोटो कुठला लावतील? कारखान्याच्या ओळखपत्रावरचा लावतील, त्यात मी चोरासारखा दिसतो. गेजरूम कोण घेईल? पाटी काढून टाकतील. स्टोअरवाला माझ्याबद्दल गहिवरून बोलेल आणि शेवटी टायरच्या गेजची हकीकत सांगेल. लोक येतील आणि म्हणतील, त्यांना तर काहीच नव्हतं, आणि ते खोटं असेल, कारण मला सगळं होतं, कागदोपत्री होतं, लाल शाईत होतं. डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला रुमाल काढला, वही उघडी होती, पहिलं पान समोर होतं, आणि त्यावर माझ्या आकड्यांच्याही वर, माझ्याच वळणदार अक्षरात आणखी पाच आकडे होते. एकाहत्तर, एकोणसत्तर, बहात्तर, अडुसष्ट, सत्तर.

ते माझे नव्हते. त्यांच्यातून पन्नास वजा करायला आता काही आधार राहिला नव्हता. मी ते बोट ठेवून वाचले, एकेक. आमच्या खोलीतला मास्टर गेज दर वर्षी, न चुकता, मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला जातो. त्याच्यासाठी मखमलीचं अस्तर असलेली लाकडी पेटी आहे, ती मी स्वतः बांधतो, स्वतः गाडीत ठेवतो, आणि तो परत येईपर्यंत मला चैन पडत नाही. ज्याच्यावर सगळ्यांचा भरवसा, त्याची तपासणी सगळ्यांत आधी, हे वाक्यही माझंच. सव्वीस वर्षांत तिला मी एकदाही कुठे नेलं नव्हतं. आणि जेव्हा मोजलं, तेव्हा तिचा आकडा पाच वेळा पाहून मला आनंद झाला होता. मला भीती वाटली. दहा मिनिटांपूर्वी वाटत होती ती भीती नव्हतीच, ती नुसती चैन होती. ही वेगळी. मी अर्ध्या दिवसाची रजा न लिहिता बाहेर पडलो, हे तीस वर्षांत पहिलं.

ती इस्त्री करत होती. मला भर दुपारी दारात पाहून तिनं आधी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि मग विचारलं, "काय होतंय? छातीत दुखतंय का? बसा आधी."

"तू बस," मी म्हणालो. "नको, बसू नकोस. चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय. चारला बंद होतो."

"तुम्हाला काय होतंय ते सांगाल का?"

"मला नाही. तुला."

तिला ते पटायला पाऊण मजला लागला. लिफ्ट चालू होती, पण खाली कुणीतरी दार उघडं टाकून गेलं होतं, म्हणून जिन्यानं निघालो. मी तिच्या हातातली पर्स घेतली, तिनं परत घेतली, मी पुन्हा घेतली. मी वहीचं सांगितलं. मास्टरचं सांगितलं. यंत्र खरं निघाल्याचं सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर ती थांबली.

"म्हणजे त्या दिवशी माझं एकशे सत्तर आलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही ते लिहून ठेवलंत."

"हो."

"आणि मला म्हणालात, याला महत्त्व नाही."

"मला वाटलं यंत्र खोटं बोलतंय."

"आणि मी खरी."

"हो."

ती कठड्याला हात लावून उभी राहिली. खालच्या घरात कुणीतरी नळ सोडला होता, त्याचा आवाज येत होता. मग तिनं विचारलं, "तुम्ही गोळ्या घेतल्यात ना?" मी नाही म्हणालो. खोक्याचंही सांगितलं, कारण आता थांबण्यात अर्थ नव्हता. "मग तीन आठवडे मी अळणी जेवले ते कुणासाठी?" मी विचार करून, खरं तेच बोललो, "निघालं तुझ्याचसाठी." ती हसायला लागली. तोंडावर पदर धरून, कठड्यावर वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मी तिच्या एक पायरी खाली दोन्ही हात पसरून उभा, ती पडली तर झेलायला, आणि म्हणत होतो, "हसू नकोस गं, चढेल." मग ती रडत होती की हसत होती हे मला ठरवता येईना. "मला सांगायचं होतंत," ती म्हणाली. "मी तुमच्याशी कधी खोटं बोलले असते का? मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं." उरलेले तीन मजले आम्ही सावकाश उतरलो. खाली पोचल्यावर तिनं पर्स मागितली नाही, म्हणून मीच ती दवाखान्यापर्यंत काखेत मारून नेली.

डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीत बसवलं. "काही त्रास?" त्यांनी विचारलं, आणि बायको म्हणाली, "मला काहीच नाही हो. यांनीच आणलंय." मी मधे बोलणार होतो, पाठ टेकव, पाय खाली टेकव, पण बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प बसलो. माझ्या खिशात दोन गोळ्या होत्या, आजच्या सकाळच्या. मी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि त्या दोघींच्या देखत गिळल्या. एक घशात अडकली. बाईंनी पट्टा गुंडाळला, यंत्र फुगू लागलं. तिच्या दंडावर पट्टा रुतला तशा तिच्या कपाळावर दोन आठ्या पडल्या. बरोबर मधोमध एक लहानसा डाग होता, तो तीळ की देवीचा व्रण, हे मला सांगता आलं नसतं. कानाजवळ बरेच केस पांढरे झाले होते. ओठ कोरडे होते. पट्टा उतरू लागला, टिकटिक मंदावली, आणि तिनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"माझ्याकडे काय बघत बसलात?" ती म्हणाली. "तिकडे बघा, किती आलं ते."

मला तिकडे बघवेना.